पोटखराब, वर्ग ब

दिवाळी अंकासाठी जाहिरात मागायला एक मॅडम आमच्या ऑफिसात आल्या होत्या. परचुरे सर त्यांना म्हणाले, जाहिरात घ्या पण लेख मागू नका, माझे अनुभव मलाच वाचवत नाहीत. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही लिहा की. मला वाटलं गंमत करतायत. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, लिहिलं का. मी सांगितलं, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, मला लेखासारखं येत नाही. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलगी झोपली की लिहायला बसते, आणि ती उठली की थांबते. कुठे तुटल्यासारखं वाटलं तर ती उठली असं समजा.

आमचं ऑफिस शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली बँडवाल्यांचं दुकान आहे. लग्नसराईत ते खाली वाजवून बघतात आणि वर सर फोनवर ओरडून सांगतात, नाही हो, इथे कसला समारंभ, काम चालू आहे. माणसं तीन. परचुरे सर, ते आधी बँकेत मोठे साहेब होते. निखिल सर, ते एमबीए झालेले, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण सर म्हणायचं. आणि मी. मी चहा करते, झेरॉक्स काढते, फायली लावते, टपाल बघते, आणि आता जमिनीचे कागद पण वाचते, ते कसं ते पुढे येईल.

आता आमचं काम काय, ते सांगते, कारण मला पण ते कळायला वेळ लागला होता. समजा कुणाला पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत, नाहीतर उन्हावरची वीज करायची आहे. बँक कर्ज देते, पण कधी, तर सगळे कागद झाल्यावर. बँकेला मशीन दिसावं लागतं. आणि मशीन यायच्या आधीच खूप काम असतं, वारा आहे का ते बारा महिने मोजायचं, जमीन कुणाची ते बघायचं, रस्ता होतो का, परवानग्या, इंजिनियरचा अहवाल. एवढं करून शेवटी उत्तर येऊ शकतं की इथे काही जमत नाही. मग त्याला पैसे कोण देणार? परदेशातली एक संस्था आहे, ती आपल्यासारख्या देशांत असल्या पहिल्या कामांना पैसे देते, आणि कुणाला द्यायचे ते आमचं ऑफिस बघून, पारखून सांगतं. जमलं तर ते परत येतात, नाही जमलं तर गेले.

सर मला पहिल्या दिवशी म्हणाले, "वनिताबाई, बारशाला सगळे येतात. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होत असतात तेव्हा कोणी येत नाही. आपण तेव्हा जातो."

हे मात्र मला लगेच कळलं. माझी पिंकी तेव्हा अडीच वर्षांची होती.

माणसं तर अशी यायची की काय सांगू. खडकवासल्याकडचे एक गृहस्थ होते, त्यांना कालव्याचं पाणी जिथे खाली पडतं तिथे चक्की बसवून वीज करायची होती. दर मंगळवारी यायचे. सर विचारायचे, कालवा बंद असतो तेव्हा? ते म्हणायचे, तेव्हा लोकांनी जरा लवकर झोपावं. एकजण उलटी छत्री बांबूला बांधून वारा मोजायचे आणि वहीत लिहायचे, आज बरा, आज फार बरा. सरांनी ती वही सगळी वाचली, नीट वाचली, आणि म्हणाले, अक्षर सुंदर आहे.

आणि मंडईतले एक व्यापारी. त्यांना मंडईतल्या सडक्या भाजीचा गॅस करायचा होता. नमुना म्हणून कोबीच्या पाल्याचं एक पोतं त्यांनी दोन जिने चढवून आणलं आणि सरांच्या टेबलाशी ठेवलं. सर म्हणाले, बरं झालं आणलंत, आता अहवाल वासावरच लिहितो. पण हसण्यावारी नाही नेलं. महिनाभर रोज सकाळी निखिल सरांना मंडईत उभं केलं, किती पाला निघतो, कुठे जातो ते बघायला. तर कळलं की निम्मा पाला गोठेवाले उचलून नेतात, आणि उरलेल्यातला निवडून बायका नेतात, शेळ्यांना. टाकलेला म्हणून काही फारसा उरतच नव्हता. सर म्हणाले, टाकाऊ म्हणजे काय, तर ज्याचा मालक आपल्याला अजून भेटलेला नाही. ते व्यापारी नाराज झाले. पोतं मात्र इथेच ठेवून गेले, ते मी खाली नेऊन टाकलं, तर तिथून पण कुणीतरी नेलंच.

मी ह्या ऑफिसात लागले कशी, ते सांगायला पाहिजे, कारण घोळ तिथेच आहे.

आम्ही वाशीमकडचे. लग्न झालं आणि ह्यांच्याबरोबर पुण्याला आले, दांडेकर पुलाजवळ एक खोली घेतली. हे भोसरीला एका वर्कशॉपमध्ये होते. मग मालकाने ती जागाच बिल्डरला देऊन टाकली. सगळीकडे तेच चाललं होतं, कारखाने जात होते आणि काचेच्या बिल्डिंगी येत होत्या. हे गाडी शिकले आणि कॉम्प्युटर कंपनीच्या लोकांची ने-आण करणाऱ्या सुमोवर लागले. पण ड्युटी कधी असायची कधी नाही. सासूबाईंचा निरोप आला, तुमचं भागत नाही तर पोरीला इकडे आणून सोडा, शाळेत घालू इथेच. हे पण म्हणायला लागले, सोडू वर्षभर. वर्षभर म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या वस्तीत तीन बायकांची पोरं अशी वर्षभरासाठी गेली होती. त्यातली एक पोरगी दिवाळीला आईला भेटली तेव्हा आजीच्या मागे लपली.

मी ह्यांना म्हटलं, मला काम मिळालं तर पिंकी इथे राहील. ते म्हणाले, मिळालं तर राहील. एवढंच ठरलं.

शेजारची बाई सरांच्या घरी पोळ्या करायची, तिने सांगितलं की ऑफिसात बाई पाहिजे, पण दहावी झालेली. मी आठवी. नववीत चार महिने बसले आणि लग्न झालं. फॉर्मवर शिक्षणासमोर मी लिहिलं, दहावी पास. लिहिताना काही वाटलं नाही, उगीच कशाला खोटं सांगू, तेव्हा मला फक्त पिंकी दिसत होती. वाटायला नंतर लागलं. सर्टिफिकेट आणा म्हणाले, तर मी सांगितलं गावाला सासऱ्यांच्या पेटीत आहे. पुढच्या महिन्यात विचारलं तर म्हटलं, पेटीची चावी दिराकडे आहे. मग म्हटलं, दीर सुरतेला असतो. सर म्हणाले, चावी पोस्टाने येऊ शकते, वनिताबाई. त्या दिवसापासून सरांनी नुसती हाक मारली तरी मी आधी चावीचं उत्तर जुळवायला लागायची. सहा महिने होत आले होते, आणि सहा महिन्यांनी कायम करायचं का काढायचं ते ठरणार होतं.

त्या सहा महिन्यांत एका पठाराची फाईल चालू होती. साताऱ्याच्या वर एक पठार आहे, तिथे पुण्यातल्या दोघा भावांना पवनचक्क्या लावायच्या होत्या. वारा मोजायचा खांब वर्षभर उभा होता, सात-आठ मजले उंच. त्याची राखण ज्ञानूआबा म्हणून एक म्हातारे करायचे. खांबाच्या पेटीत एक चिप असते, त्यात वारा लिहिला जातो, ती महिन्याने काढून आबा डब्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि फोन करून मला सांगायचे, ताय, वारा धाडलाय, उतरून घ्या. मी स्वारगेटला जाऊन घेऊन यायची. वारा तिथे चांगला होता, निखिल सर तर खूश होते. मग जमिनीचे कागद आले, शंभरावर सातबारे.

सातबारा म्हणजे जमीन कुणाची, किती, त्यात काय पिकतं, ते लिहिलेला सरकारी कागद. निखिल सरांना त्याचं इंग्रजीत टेबल करायचं होतं, परदेशातल्या लोकांसाठी. ते कॉन्व्हेंटमधले, त्यांना मराठी बोलता यायचं, वाचता पण यायचं, पण असलं मराठी कुठून येणार. ते मला म्हणाले, "ताई, ह्या गावात सगळ्यांचं पोट खराब आहे का? प्रत्येक कागदावर लिहिलंय. गव्हर्मेंट हे पण लिहून ठेवतं?"

मला हसू आवरेना, मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. मला सातबारा लहानपणापासून येतो. माझे वडील कोतवाल होते. कोतवाल म्हणजे पोलीस नाही, तलाठ्याच्या हाताखालचा माणूस, दवंडी देणारा, दप्तर उचलणारा. त्यांना वाचता यायचं नाही. लोक कागद घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि वडील मला बसवायचे, वाच. मी तिसरी-चौथीत असेन. वाचून दाखवलं की मूठभर शेंगा मिळायच्या. त्यामुळे धडे विसरले मी, पण सातबारा नाही विसरले.

पण त्या दिवशी पिंकीला ताप होता, मला लवकर निघायचं होतं, जीव सगळा घरी. निखिल सरांनी विचारलं, मग पोटखराब म्हणजे काय, एका शब्दात सांगा. मी चप्पल घालता घालता म्हटलं, पडीक समजा सर, पिकत नाही ती. त्यांनी टेबलात इंग्रजीत लिहिलं, वेस्ट लँड. टाकाऊ जमीन. आणि शंभर सातबाऱ्यांवर तेच उतरलं.

तिथे चूक झाली, आणि ती माझी.

पोटखराब दोन प्रकारची असते. वर्ग अ म्हणजे खडक, दगड, खरंच पिकत नाही ती. आणि वर्ग ब म्हणजे पिकते की नाही हा प्रश्नच नाही, ती सगळ्यांसाठी ठेवलेली असते. वाट, ओढा, पाणवठा, मसणवटा. माणूस मालक असला तरी तेवढ्या तुकड्यावर गावाचा पाय पडतो. वडील म्हणायचे, अ देवाने खराब केलेली, ब गावाने राखलेली. हे मला पाठ होतं. आणि मी घाईत पडीक म्हणून सांगून गेले.

सोमवारी पैसे मंजूर करणारी समिती बसणार होती, त्या फाईलवर सही व्हायची होती. गुरुवारी मी तीन प्रती लावत होते. लावताना एका सातबाऱ्यावर नजर गेली. पोटखराब वर्ग ब, आणि बाजूला इतर हक्काच्या रकान्यात लिहिलेलं, पाणवठ्याकडे जाणारी वाट. मी नकाशा काढून बघितला. बरोबर त्याच गटावर लाल चौकोन. तिथे वीज गोळा करायचं स्टेशन, चारी बाजूंनी कुंपण. टेबलात त्या गटासमोर लिहिलेलं, टाकाऊ जमीन, सगळ्यात योग्य.

आता सांगते, मी काय केलं. मी तो कागद परत फायलीत लावला आणि पुढच्याला भोक पाडलं. दिवसभर प्रती लावत राहिले. मला वाटलं, सांगितलं तर सर विचारणार तुम्हाला हे कसं कळतं, मग कुठे शिकलात, मग सर्टिफिकेट कुठंय. आणि चूक तर माझीच. आणि सोमवारनंतर माझे सहा महिने भरत होते. घरी गेले तर पिंकी ताटात भाताचे छोटे छोटे ढीग करत होती. मी तिच्याकडे बघत बसले. ती माझ्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून मी पठारावरच्या बायकांची पाण्याची वाट बंद करत होते. असं तेव्हा एवढं नीट नाही सुचलं, तेव्हा नुसतं जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मी निखिल सरांना सांगितलं. त्यांनी कागद बघितला आणि खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, ताई, हे फायलीच्या शेवटी आहे, शेवटचं कोणी वाचत नाही. मी म्हटलं, म्हणून तर भीती वाटते.

ते म्हणाले, "आता सांगितलं तर माझी वाट लागेल."

मी म्हटलं, "नाही सांगितलं तर त्यांची जाईल, सर."

ते उठले आणि आत माझ्याबरोबर आले. एवढं मी त्यांचं मानते.

सरांनी कागद, नकाशा, टेबल, तिन्ही शेजारी ठेवून बघितलं. मी सांगून टाकलं की पडीक मीच म्हटलं, निखिल सरांनी मी सांगितलं तसं लिहिलं. सरांनी विचारलं कधी लक्षात आलं. मी म्हटलं, काल सकाळी.

"आज संध्याकाळ आहे. मधे काय केलंत?"

"घाबरले होते, सर."

"घाबरून झालं असेल तर उद्या जाऊन बघून या. दोघेही. कागद वाट आहे म्हणतो, नकाशा नाही म्हणतो. पायाने चालून या आणि मला सांगा."

आमच्या धंद्यात हे सर नेहमी सांगतात, सुरुवातीची चूक कागदावर असते तोवर खोडरबराने जाते. मग तिच्यावर दुसरा कागद बसतो, मग तिसरा, मग बँकेचं कर्ज, मग काँक्रीट. नंतर तीच चूक काढायला जेसीबी लागतो, आणि तोवर ती चूक आहे असं कोणी म्हणत पण नाही.

शनिवारी ह्यांची ड्युटी होती, म्हणून पिंकीला घेऊनच गेले. जीपने निघालो. घाटात ती निखिल सरांच्या बुटांवर ओकली. त्यांनी रुमालाने बूट पुसले आणि म्हणाले, ताई, आता ह्या गाडीत एकाचं पोट खरंच खराब आहे. मला इतकं बरं वाटलं. कालपासून ते माझ्याशी धड बोललेच नव्हते.

वर वारा असा होता की पिंकीला उभं राहता येईना, तिचा फ्रॉक तोंडावर यायचा आणि ती खिदळायची. पाच-सहा महिने मी तो वारा डब्यातून आणत होते, अंगावर पहिल्यांदा घेतला. ज्ञानूआबा आले, मला वाटत होतं त्याहून बारीक, डोक्याला टॉवेल. मी विचारलं, आबा, इथून पाणवठ्याला वाट आहे का? ते म्हणाले, "हाय की. न्हाईतर पानी काय पाखरं आनत्यात?"

वाट होती. मुरमातून पांढरी पडलेली, एका माणसापुरती. बरोबर मधोमध भावांच्या माणसांनी लाल रंगाचा दगड रोवलेला, आणि बायकांनी त्या दगडाला वळसा घालून दुसरी पायवाट पाडलेली. आम्ही चालत गेलो. खाली कपारीत झरा, चैत्रात तेवढाच चालू. चार-पाच बायका हंडे भरत होत्या. मी विचारलं, इकडे कुंपण झालं तर कुठून याल. एक म्हातारी म्हणाली, दरीकडून, पण तिकडून रिकामं जाता येतं, भरलेलं येता येत नाही. मग तिने मला विचारलं, कुंपन कशाला, आमची वाट कागदात न्हाई का?

मी म्हटलं, "आजी, कागदात आहे. सांगताना माझ्या तोंडून गाळली गेली."

तिने माझ्याकडे बघितलं, पिंकीकडे बघितलं. म्हणाली, "मंग आता घाल परत." आणि हंडा उचलून निघाली.

मी तिथेच दगडावर बसून लिहून घेतलं, कुणाच्या किती घरांना पाणी इथून, गुरं कुठून उतरतात, किती वेळ लागतो. निखिल सरांनी फोटो काढले.

पुढे त्या पठाराचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मग राहत नाही. समितीने सही थांबवली आणि भावांना सांगितलं, स्टेशनची जागा बदला. दुसरी सपाट जागा होती, पण तिचे मालक पाच भाऊबंद, दोन मुंबईला, एक कुणाशी बोलत नव्हता. त्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. दोघे भाऊ कंटाळले आणि दुसऱ्या डोंगराला गेले. खांब काढून नेला. ज्ञानूआबांचा फोन आला. म्हणाले, ताय, वाट ऱ्हायली बरं का. मग म्हणाले, पर माझी राखन गेली, वाट काय दोन वक्ताला जेवाय घालती व्हय. सर म्हणतात, प्रकल्प उभा करणं आपलं काम नाही, उभा राहू शकतो का ते आधी बघणं आपलं काम. बरोबर आहे त्यांचं. पण आबांना मी ते सांगू शकले नाही, आणि अजून वाटतं, मी गुरुवारच्या आधी, त्या तापाच्या दिवशीच धड सांगितलं असतं, तर भावांनी पहिल्यापासून दुसरी जागा धरली असती, आणि दोन्ही राहिलं असतं.

तर सोमवार. समिती साडेअकराला बसायची होती. सकाळी आठलाच मी आणि निखिल सर ऑफिसात. मी सांगत गेले आणि ते टाईप करत गेले, मराठीत आणि खाली इंग्रजीत. ह्या वेळी त्यांनी पोटखराब तसंच ठेवलं, पोटखराब अ, पोटखराब ब, आणि खाली दोन ओळीत अर्थ. संस्थेचा एक ठरलेला नमुना असतो, त्याच्या शेवटी लिहायचं असतं, पाहणी कुणी केली, त्यांचं नाव, त्यांचं शिक्षण. निखिल सरांनी आपलं नाव घातलं. मग माझं नाव घातलं. माझं नाव छापलेलं मी तोपर्यंत फक्त रेशनकार्डावर बघितलं होतं, आणि लग्नाच्या पत्रिकेवर, तिथे पण ते बदललेलं.

ते म्हणाले, शिक्षण दहावी ना? फाईलमध्ये तसंच आहे.

ते टाईप करायला लागले. मला एकदम वाटलं, आता हा कागद परदेशात जाणार, कोणीतरी वाचणार, ह्या बाईने वाट बघितली, खरं आहे. आणि त्याच्याच खाली खोटं. म्हणजे वरचं तरी कुणी खरं का मानावं.

मी म्हटलं, "सर, आठवी लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, नक्की?"

"लिहा लवकर, नाहीतर मला परत दहावी वाटायला लागेल."

कागद सरांपुढे ठेवला आणि मी दाराशी उभी राहिले. सरांनी सगळा वाचला. मग शेवटाला थांबले. कपाट उघडून माझा फॉर्म काढला, दोन्ही शेजारी ठेवले, जसे शुक्रवारी ठेवले होते तसेच. खाली बँडवाले सनई लावत होते, सूर काही लागत नव्हता.

"ह्यातला एक कागद खोटा आहे. कुठला?"

"फॉर्म, सर."

"कशासाठी?"

मी सांगितलं. पिंकीचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. सर ऐकत होते. मग म्हणाले, खोटं ते खोटं, वनिताबाई, मी सहा महिन्यांनी तुम्हाला कायम करणार होतो, आता करणार नाही. मग म्हणाले, अजून सहा महिने बघणार. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बाहेरून दहावीला बसायचं, इंग्रजी निखिल शिकवेल, त्याला तुम्ही मराठी शिकवा. आणि हा फॉर्म दुरुस्त करा.

त्यांनी पेन दिलं. मला कळेना कसा करायचा. खोडायचं म्हणजे खाडाखोड. मग मला जे येत होतं तेच केलं. दहावी पास ह्या शब्दांना दोन्ही बाजूंनी कंस केला आणि वर आठवी पास लिहिलं.

सर म्हणाले, "हा कंस कशाला?"

"सर, सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि नवं लिहितात. म्हणजे आधी काय होतं ते पण राहतं."

सरांनी चष्मा काढून फॉर्म जवळ धरला. मग परत माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मग फेरफाराचा नंबर कोण घालणार?"

फेरफार म्हणजे सातबाऱ्यातला बदल, त्याला नेहमी नंबर असतो. मी कंसाच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, एक. सरांनी खाली सही केली, तलाठ्यासारखी वाकडी. बाहेर समितीची माणसं जिना चढत होती, म्हणून मी चहा टाकायला गेले. साखर घातली का नाही ते आठवेना, म्हणून परत घातली, आणि सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

संध्याकाळी पुलाजवळच्या बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला आणि सासूबाईंना बोलावून घ्यायला सांगितलं. पिंकी कडेवर होती, वायर ओढत होती. सासूबाई आल्या, धापा टाकत, त्यांना वाटलं काही वाईट झालं. मी म्हटलं, पोरगी येत नाही तिकडे, इथंच राहते.

त्यांनी विचारलं, "काऊन?"

मी म्हटलं, "तिच्या मायले येथं काम हाये."